इक्विलॅब: बॅड बीटचं रडगाणं खरं की खोटं ते सांगणारं फुकटचं सॉफ्टवेअर

इक्विलॅबबद्दल पोकरवाले बोलतात तेव्हा रेंज (समोरच्याकडे असू शकणाऱ्या सगळ्या हातांची यादी), कॉम्बो (एखादा हात किती प्रकारे जुळू शकतो), इक्विटी ट्रेनर (जिंकायच्या टक्क्यांचा सराव) असं सगळं अभ्यासाच्याच अंगाने बोलतात. मी ते मुख्यतः वेगळ्याच कामाला वापरतो आणि रिव्ह्यूपण त्याच कामापुरता लिहितोय, ते काम म्हणजे बॅड बीटच्या गोष्टी. "अरे काय सांगू यार, एसेस होते माझ्याकडे" (एसेस म्हणजे एक्क्यांची जोडी) असं वाक्य ज्याने एकदा तरी ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको. ज्याने ऐकलं नाही त्याच्यासाठी थोडक्यात, बॅड बीट म्हणजे आपला हात जड असताना पैसे मधे पडले आणि नंतरच्या पत्त्याने समोरच्याला जिंकवलं. पोकर खेळणाऱ्या प्रत्येकाकडे अशा गोष्टींचा साठा असतो, आणि गंमत अशी की सांगायला सगळे उत्सुक, ऐकायला कोणीच नाही.

तर सॉफ्टवेअर काय आहे ते आधी उरकून घेतो. पोकरस्ट्रॅटेजीवाल्यांचं आहे, फुकट आहे, विंडोजवर चालतं. एका खेळाडूचे पत्ते टाकायचे, दुसऱ्याचे टाकायचे, किंवा पत्ते माहीत नसतील तर १३ बाय १३ च्या चौकटीतून रेंज निवडायची, बोर्डवर आलेले (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले) पत्ते टाकायचे आणि बटण दाबलं की कोणाची किती टक्के इक्विटी, म्हणजे जिंकायची शक्यता, ते येतं. डेड कार्ड (खेळातून आधीच गेलेले पत्ते) टाकायला वेगळी जागा आहे. दिसायला जुनाट आहे, छोट्या छोट्या खिडक्या आणि भरपूर बटणं, पहिल्यांदा उघडल्यावर हिशोबनिसाचं काहीतरी चुकून उघडलं की काय असं वाटतं. पण दोन हातांचा साधा हिशोब करायला काहीही शिकावं लागत नाही. यापेक्षा जास्त सेटअपबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्याचं. बॅड बीटच्या गोष्टींबद्दल पोकरमधे एक न लिहिलेला शिष्टाचार आहे आणि तो असा की शक्यतो सांगूच नका. काही ग्रुपमधे तर गंमत म्हणून ऐकायची फी घेतात, एक चिप टेबलावर ठेव आणि मग बोल. पण माणूस आहे, छातीवर दगड ठेवून किती वेळ बसणार, कधीतरी बोलणारच. माझं म्हणणं एवढंच की बोलायच्या आधी हात एकदा इक्विलॅबमधे टाकून बघा. निम्म्या गोष्टी तिथेच मरतात. आणि ज्या उरतात त्या निदान नीट सांगता येतात.

उदाहरण घ्या. सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारी गोष्ट, एसेस विरुद्ध किंग्ज (राजांची जोडी), प्रीफ्लॉप (बोर्डवर पत्ते यायच्या आधी) ऑल इन (सगळ्या चिप्स मधे), आणि बोर्डवर राजा. सांगणाऱ्याचा चेहरा असा की आकाश कोसळलंय. इक्विलॅबमधे टाका, एसेसला साधारण ८२ टक्के येतात. ८२ म्हणजे १०० नव्हे, हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा पुढचा हिशोब कोणी करत नाही. असे पाच ऑल इन आले आणि प्रत्येक वेळी एसेस आपल्याकडेच असले, तरी पाचही जिंकायची शक्यता ३७ टक्केच आहे. म्हणजे पाचातला निदान एक तरी हरणं हेच जास्त नॉर्मल. जी गोष्ट घडणारच होती ती घडली हे वीस मिनिटं ऐकवायचं म्हणजे ऐकणाऱ्यावर अन्यायच की. रिव्हरवर (बोर्डच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) समोरच्याला दोनच पत्ते वाचवू शकत होते आणि त्यातलाच एक आला, ही दुसरी लाडकी गोष्ट. दोघांचे पत्ते माहीत असतील तर ४४ पत्ते उरतात, त्यातले दोन, म्हणजे साडेचार टक्के, बावीसात एकदा. बावीसात एकदा होणारी गोष्ट जो रोज पत्ते खेळतो त्याच्या बाबतीत होणारच ना बाबा.

पण इक्विलॅबची खरी मजा टक्क्यांत नाही, ती आहे रस्त्यारस्त्याने हिशोब करण्यात. म्हणजे फ्लॉपला (बोर्डचे पहिले तीन पत्ते) काय होतं, टर्नला (चौथा पत्ता) काय होतं, आणि मुख्य म्हणजे पैसे कधी मधे गेले. बॅड बीटच्या गोष्टीत ही एक माहिती हमखास गायब असते. सांगणारा सांगतो "मी फ्लॉपला ९० टक्के होतो" आणि फ्लॉपला त्याने काय केलं, तर चेक (पैसे न टाकता पुढे सरकला). का, तर सापळा लावत होता. पैसे सगळे गेले टर्नला, जेव्हा समोरच्याचं काम आधीच झालं होतं. ही बॅड बीट नाही, हे फुकटात पत्ता दाखवणं आहे. अजून एक प्रकार, एसेस घेऊन प्रीफ्लॉप नुसता कॉल करायचा (बेटीएवढेच पैसे टाकायचे, वाढवायचे नाहीत), "अ‍ॅक्शन मारायची नव्हती" (म्हणजे समोरचे घाबरून पळू नयेत), मग बिग ब्लाइंडवाला (ज्याची सक्तीची बेट आधीच टेबलावर असते) नव्वी-चौकी घेऊन फुकट फ्लॉप बघतो, फ्लॉप येतो नव्वी चौकी दुर्री, आणि सगळे पैसे तिथे. आता हे इक्विलॅबमधे टाकलं तर एसेसला साधारण २६ टक्के येतात. सव्वीस! म्हणजे गोष्टीतला बिचारा नायक पैसे टाकताना चांगलाच मागे होता आणि तरी गोष्ट अशी सांगतो की "नव्वी-चौकीने मारलं रे मला". मारलं कुठे, तूच दार उघडून आत घेतलंस. हे तोंडावर बोलू नये अर्थात, त्याबद्दल पुढे लिहितो.

तसंच "गाढवाने ड्रॉवर (अजून पूर्ण न झालेल्या हातावर) कॉल केला" हे वाक्य. समजा पॉटमधे १०० चिप आहेत, फ्लॉपला आपण शेवटचे ५० टाकून ऑल इन, समोरच्याकडे फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाचे चार पत्ते, पाचवा आला की फ्लश). त्याला ५० टाकून एकूण २०० साठी खेळायचंय, म्हणजे २५ टक्के पुरेत. नऊ पत्ते फ्लश करणारे, दोन पत्ते यायचे बाकी, साधारण ३५ टक्के. कॉल बरोबर आहे, एकदम बरोबर. गाढव कोण ते आता तुम्हीच ठरवा. मला या सॉफ्टवेअरची ही सवय फार आवडते की ते सांगणाऱ्याच्या बाजूने बसत नाही, दोन्ही हातांना सारखंच वागवतं, आपण नुसते वरखाली टाकले तरी उत्तर तेच. माणसाला हे जमत नाही. माणूस आपल्या बाजूने गोष्ट सांगतो आणि दोन-तीनदा सांगितल्यावर त्याला स्वतःलाच ती तशीच आठवायला लागते, स्टॅक (चिप्सचे ढीग) मोठे होतात, समोरचा अजून मूर्ख होतो, आणि आपली रेझ (वाढवलेली बेट) जी खरं तर मिनरेझ (कमीत कमी वाढवलेली) होती ती तिप्पट होते.

मोठ्या लोकांचे गाजलेले हात यात टाकून बघणं हा माझा टाइमपास आहे आणि त्यातून शिष्टाचाराबद्दल जेवढं कळतं तेवढं कुठल्या उपदेशातून कळणार नाही. २००३ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटमधला (मुख्य स्पर्धेतला) क्रिस मनीमेकर आणि फिल आयवीचा हात घ्या. आयवीकडे दोन नव्व्या, मनीमेकरकडे एक्का-राणी. फ्लॉप राणी, राणी, छक्की. टर्नला नव्वी, आयवीचं फुल हाउस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी), पैसे तिथे मधे. रिव्हरला एक्का, मनीमेकरचं मोठं फुल हाउस, आयवी दहाव्या नंबरवर बाहेर, फायनल टेबल एका जागेने हुकलं. मनीमेकर पुढे तीच टूर्नामेंट जिंकला आणि ऑनलाइन पोकरला जी लाट आली ती त्यानंतरच. आता टर्नचा हिशोब: मनीमेकरला वाचवणारे पत्ते तीन एक्के, तीन छक्क्या आणि एक राणी, सात पत्ते, ४४ पैकी, म्हणजे १६ टक्के. आयवी ८४. अस्सल बॅड बीट. पण हाच हात एक रस्ता मागे जाऊन फ्लॉपला टाका, तिथे आयवीच जेमतेम आठ टक्क्यांच्या आसपास होता, दोनच नव्व्या वाचवू शकत होत्या आणि त्यातली एक आली. म्हणजे एकाच हातात दोन गोष्टी आहेत. टर्नपासून सांगितली तर आयवीचं नशीब फुटकं, फ्लॉपपासून सांगितली तर आधी नशीब आयवीचंच जोरात होतं. आयवीला दोष नाही, पैसे टाकताना तो पुढेच होता. पण सांगणारा कुठून सुरू करतो याच्यावर सगळी सहानुभूती फिरते, आणि प्रत्येक जण अर्थातच स्वतःला सोयीच्या जागेपासून सुरू करतो.

दुसरा हात २०१० चा, मॅट अ‍ॅफ्लेक विरुद्ध जोनाथन डुहामेल, तीच स्पर्धा, पंधरा जण उरलेले. अ‍ॅफ्लेककडे एसेस, डुहामेलकडे गुलामांची जोडी, बोर्ड दश्शी नव्वी सत्ती राणी, टर्नला ऑल इन आणि डुहामेलचा कॉल. डुहामेलला चार अठ्ठ्या, चार राजे (ओळीने पाच पत्ते जुळवणारे) आणि दोन गुलाम असे दहा पत्ते, २३ टक्के. रिव्हरला अठ्ठी. अ‍ॅफ्लेक बाहेर, डुहामेल पुढे वर्ल्ड चॅम्पियन. ज्यांनी तो हात पाहिलाय त्यांना अ‍ॅफ्लेकचा चेहरा आठवत असेल. ही गोष्ट सांगायचा हक्क त्या माणसाला आहे, आयुष्यभर आहे, मी स्वतः खुर्ची ओढून देईन. पण ७७-२३ हा आकडा बघा, आपण ज्याच्यावरून घसा कोरडा करतो तो ८२-१८ सुद्धा टक्क्यांच्या हिशोबाने याहून "वाईट" बॅड बीट आहे! फरक टक्क्यांचा नाहीच, फरक आहे तो काय पणाला होतं याचा, आणि ते इक्विलॅबमधे टाकायला जागा नाही.

इथे सॉफ्टवेअरची मर्यादा सुरू होते. त्याला पत्ते कळतात, प्रसंग कळत नाही. सगळ्यात जास्त हे दिसतं कूलरमधे. कूलर म्हणजे दोघांचेही हात इतके मोठे की कोणीच सोडून देऊ (फोल्ड करू) शकत नाही. २०१७ च्या मेन इव्हेंटला पहिल्याच दिवशी व्हनेसा सेल्ब्स्टकडे एसेस, गाएल बोमानकडे सत्त्यांची जोडी, फ्लॉप एक्का सत्ती पंजी, टर्नला अजून एक सत्ती. सेल्ब्स्टचं एक्क्यांचं फुल हाउस, बोमानच्या चार सत्त्या. रिव्हर झाल्यावर सगळे पैसे गेले. इक्विलॅबला विचारलं तर पैसे जाताना सेल्ब्स्टची इक्विटी शून्य. शून्य! आकडा बरोबर आहे आणि तरी तो आकडा बघून "अगं तू तर मागेच होतीस" असं म्हणणारा माणूस पोकर समजलेला नाही. फ्लॉपला बोमानला पत्ता एकच होता, शेवटची सत्ती, शंभरात चार-पाच वेळा येणारी. तो हात कोणीच सोडला नसता. म्हणून मघाशी मी वर जी फुशारकी मारली की निम्म्या गोष्टी इक्विलॅबमधे मरतात, त्यात कूलर धरू नका, कूलरला हे यंत्र चुकीचा न्याय देतं. किंग्ज घेऊन एसेसला धडकणं पण तसंच, नऊ जणांच्या टेबलावर आपल्याकडे किंग्ज असताना दुसऱ्या कोणाकडे एसेस असायची शक्यता शंभरात साधारण चार. चार वेळा होणार म्हणजे होणार, त्यात खेळाडूची चूक नाही आणि बॅड बीटही नाही, नुसतं पोस्टमनने पत्र टाकून जावं तसं आहे, आलं ते घ्यायचं.

हाच घोळ ट्रॅकर (खेळलेल्या हातांची नोंद ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरमधे पण आहे, पोकरट्रॅकर काय किंवा होल्डेम मॅनेजर काय, त्यात ग्राफवर खऱ्या जिंकण्या-हरण्याच्या रेघेसोबत ऑल इनच्या इक्विटीने धरलेली दुसरी रेघ येते. लोक त्या दोन रेघांतलं अंतर दाखवून "बघ मी किती अनलकी" म्हणतात, स्क्रीनशॉट पाठवतात, पाठवूच नका प्लीज. ती रेघ फक्त रिव्हरच्या आधी ऑल इन होऊन पत्ते उघडले गेले अशाच हातांचं नशीब धरते. किंग्जना एसेस मिळाले हे तिच्या लेखी नशीब नाहीच, तिच्या लेखी तुम्ही १८ टक्क्यांवर पैसे टाकले आणि हरलात, संपलं. सेट ओव्हर सेट (दोघांकडेही तीन सारखे पत्ते) पण तसंच. त्यामुळे ग्राफ दाखवून रडणं हे तोंडाने रडण्यापेक्षा शास्त्रशुद्ध दिसतं पण आहे तेच.

बरं, आता शिष्टाचाराचा भाग ज्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. इक्विलॅब समोरच्याच्या तोंडावर उघडू नका. हे मी पाहिलंय, एक जण टूर्नामेंटमधून नुकताच बाहेर पडलेला, कोपऱ्यात येऊन सांगतोय, आणि ऐकणाऱ्याने शांतपणे लॅपटॉप उघडून पत्ते टाकले आणि म्हणाला "अरे तू ५४ टक्केच होतास". गणित बरोबर, माणूस चूक. जखमेवर मीठ चोळायचं तर निदान हाताने चोळा, सॉफ्टवेअर कशाला. सांगणाऱ्याला त्या वेळी हिशोब नको असतो, "वाईट झालं यार" एवढं पुरतं. दोन सेकंदाचं काम आहे. त्याने जर स्वतःहून विचारलं की "मी काय वेगळं करायला हवं होतं" तरच आकडे काढायचे, आणि तेसुद्धा त्याच दिवशी नाही जमलं तर उत्तम.

आणि आपली गोष्ट लगेच जोडायची नाही. "हे काहीच नाही, माझं ऐक" हे वाक्य पोकरमधलं सगळ्यात वाईट वाक्य आहे असं माझं मत. त्याचं दुःख अजून ओलं आहे आणि तुम्ही त्यावर आपलं वाळत घालताय. गंमत म्हणजे हे करणारे लोक स्वतःला सहानुभूतीवाले समजतात.

सांगणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर, इक्विलॅब वापरायची सवय लागली की गोष्ट आपोआप छोटी होते, कारण सॉफ्टवेअर जेवढं विचारतं तेवढंच लागतं. कोणाचे पत्ते काय, बोर्ड काय, पैसे कोणत्या रस्त्यावर गेले. त्याला जोडून स्टॅक किती होते आणि कोण कुठल्या पोझिशनला (बोलायच्या क्रमातली जागा), बस. ब्लाइंड्स कधी वाढले, डीलर कसा पत्ते वाटत होता, समोरच्याने कसला टीशर्ट घातला होता, त्याआधीच्या तीन हातांत काय झालं, हे सगळं नमनाला घडाभर तेल. मित्राला मी एकदा सरळ म्हटलं होतं, "अरे आधी शेवट सांग, मग बघू सुरुवात लागते का", तर तो जरा रागावला पण पुढच्या वेळी गोष्ट चार वाक्यांत आली. आणि सुरुवातीलाच सांगून टाकावं की सल्ला हवाय की नुसतं ऐकायचंय. हे न सांगितल्यामुळे निम्मी भांडणं होतात, एक जण मन मोकळं करतोय आणि दुसरा त्याची टर्नची बेट साइज दुरुस्त करतोय.

सल्ला हवा असेल तर निकाल लपवा, हा माझा सगळ्यात आवडता नियम. हात जिथे निर्णय घ्यायचा होता तिथपर्यंतच सांगायचा आणि विचारायचं काय करशील. रिव्हर सांगितलात की समोरचा शहाणा होऊन जातो, सगळ्यांनाच मग फोल्ड दिसायला लागतो. इक्विलॅबमधे पण तसंच करता येतं, समोरच्याचे नेमके पत्ते न टाकता त्याची रेंज टाकायची, त्या क्षणी आपल्याला जेवढं माहीत होतं तेवढीच. इथे हे सॉफ्टवेअर खरोखर चमकतं. "त्याच्याकडे सेट होता" हे नंतर कळलं, पण रेझ मारताना त्याच्या रेंजमधे सेटचे कॉम्बो किती आणि ड्रॉचे किती, तर बऱ्याचदा दिसतं की आपण पुढे होतो, हरलो तरी. किंवा उलटं, जिंकलो तरी मागे होतो. जिंकलेल्या हातांची अशी तपासणी कोणी करत नाही हे वेगळं सांगायला नको, आपण केलेला सकआउट (मागे असून नशिबाने जिंकलेला हात) कोणाला आठवतो.

टेबलावर असताना तर अजून कडक. हात चालू असताना बोलायचंच नाही, आपण फोल्ड केलेलं काय होतं तेही नाही, "मी एक्का टाकला" एवढ्याने पण समोर खेळणाऱ्यांचा हिशोब बदलतो. वरच्या डेड कार्डच्या जागेत एक पत्ता टाकून बघा म्हणजे कळेल, दोन पत्त्यांवर जगणाऱ्याचा एक पत्ता मेला की त्याची शक्यता सरळ अर्धी. हे नंतर सांगितलं तर किस्सा, हात चालू असताना सांगितलं तर लुडबुड, आणि कार्डरूममधे त्यासाठी पेनल्टीपण मिळू शकते. ज्याने हरवलं त्यालाच गोष्ट सांगू नये, तो तिथे होता, त्याला माहितीये. "नाइस हँड" म्हणावं आणि खरंच म्हणावं, दात ओठ खाऊन म्हटलेलं कळतं. डीलरला सांगू नये, तो दिवसभर तेच ऐकतो आणि त्याला उत्तर द्यायची मुभा नसते. आणि ब्रेकमधे ज्याच्याकडे दहा ब्लाइंडपुरत्याच चिप्स उरल्यात अशा माणसाला धरून आपलं पुराण लावू नये, त्याच्या डोक्यात आधीच शॉर्ट स्टॅकचं टेन्शन असतं.

एकच ठिकाण असं आहे जिथे बॅड बीट झाल्यावर सगळं टेबल टाळ्या वाजवतं, ते म्हणजे बॅड बीट जॅकपॉट. कार्डरूम दर पॉटमधून थोडी थोडी कपात करून रक्कम साठवतात, आणि ठरवलेल्या पातळीचा मोठा हात, बऱ्याच ठिकाणी फोर ऑफ अ काइंड (चार सारखे पत्ते), हरला की ती रक्कम फुटते. सर्रास वाटणी अशी की निम्मे हरणाऱ्याला, पाव जिंकणाऱ्याला आणि पाव टेबलावरच्या बाकीच्यांत. म्हणजे हरलेला सगळ्यात जास्त घेऊन जातो. तिथेही तोंड आवरायला लागतं, काही ठिकाणी हात चालू असताना जॅकपॉटबद्दल बोललं तर तो रद्द करायचा नियम आहे. पण ही गोष्ट सांगितली तर कोणी फी मागत नाही, उलट पुन्हा सांग म्हणतात.

तर मग घ्यावं का इक्विलॅब? फुकट आहे, घ्यायला काय लागतं. गणितासाठी पैकीच्या पैकी, दिसण्यासाठी काठावर पास. ट्रेनरवर रोज थोडा वेळ दिला तर जोडी विरुद्ध दोन मोठे पत्ते म्हणजे जवळपास नाणेफेक, राण्यांची जोडी विरुद्ध एक्का-राजा साधारण ५७-४३, असे ठोकळे आकडे तोंडपाठ होतात आणि मग सॉफ्टवेअर न उघडता पण कळतं की समोरची गोष्ट खरी बॅड बीट आहे की नुसती हरलेली नाणेफेक. नाणेफेक हरल्याची गोष्ट तर कोणीच सांगू नये राव, तरी सांगतात, आणि सांगताना "माझ्याकडे जोडी होती" यावर असा जोर देतात जणू ५७ म्हणजे वारसाहक्क.

ज्यांना आकड्यांनी अजून चिडचिड होते त्यांनी मात्र हरल्या हरल्या लगेच उघडू नका. टिल्टवर (हरून डोकं फिरलेलं) असताना ८२ टक्के बघितले की माणूस शांत होत नाही, त्याला वाटतं जगाने १८ टक्के खास त्याच्यासाठी राखून ठेवले होते, आणि मग तो पुढच्या टेबलावर दुप्पट बाय इन करून (दुप्पट पैसे घेऊन) बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. हात लिहून ठेवा, नुसते पत्ते आणि चिप्सचे आकडे, विशेषणं न लावता, आणि मग टाका. ऑनलाइन खेळत असाल तर हँड हिस्टरी असतेच, तिथे आठवणीवर विसंबायची गरज नाही. लाइव्ह खेळणाऱ्यांनी हात संपल्यावर फोनमधे दोन ओळी टिपून ठेवाव्यात, नाहीतर रात्रीतून त्या मिनरेझची तिप्पट रेझ झालेली असते.